तीन सामने जिंकलेल्या कोचला डेट्रॉइटने ठेवलं कसं?

गाड्यांच्या कंपन्यांमुळे डेट्रॉइटच्या आसपास मराठी घरं बरीच आहेत. मंडळाच्या कार्यक्रमात किंवा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांशी गप्पा मारताना लायन्सचा, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या इथल्या संघाचा, विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: २०२१ मध्ये डॅन कॅम्पबेल कोच म्हणून आला, पहिल्याच वर्षी १७ पैकी ३ सामने जिंकले, १३ हरले, एक बरोबरीत सुटला. मग त्याची उचलबांगडी कशी नाही झाली? विचारणारे बहुतेक क्रिकेटवाले असतात आणि आपल्याकडे कर्णधार किती लवकर बदलतात ते त्यांनी पाहिलेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. २०२४ ला लायन्स १५ सामने जिंकले, पण मला आजही जास्त जवळचा वाटतो तो हा हरलेला सीझन.

आधी हे बघा की कॅम्पबेलच्या हातात काय दिलं होतं. लायन्सचं शेवटचं अजिंक्यपद १९५७ चं. २००८ मध्ये तर ते सगळेच्या सगळे १६ सामने हरले होते, आणि त्या संघात कॅम्पबेल स्वतः खेळाडू म्हणून होता. त्याच्या आधीच्या कोचला नोव्हेंबर २०२० मध्ये सीझन अर्धवट असतानाच काढलं. त्यानंतर मॅथ्यू स्टॅफर्ड, म्हणजे १२ वर्षं संघाचा गाडा ओढणारा क्वार्टरबॅक (आक्रमणात चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू), लॉस एंजेलिसच्या रॅम्सकडे गेला. बदल्यात त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ आला आणि रॅम्सचे पुढच्या वर्षांतले ड्राफ्टमधले हक्क मिळाले, त्यात दोन पहिल्या फेरीचे. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू संघांनी आळीपाळीने निवडणं. आदल्या वर्षी जो सगळ्यात जास्त हरला, त्याची पाळी साधारणपणे आधी. थोडक्यात, आजचा खेळाडू देऊन उद्याचे खेळाडू घेतले होते. ज्या संघाने स्वतःच असा व्यवहार केला, त्याने पहिल्या वर्षीच्या पराभवांचा हिशेब एकट्या कोचच्या नावावर मांडणं अन्याय झाला असता. कॅम्पबेलशी करारही ६ वर्षांचा होता.

पण नुसता करार कोणाला वाचवत नाही. संघमालक पैसे मोजून कोचला घरी पाठवतात, हे या लीगमध्ये दरवर्षी घडतं. म्हणून ते सामने बघायला हवेत.

२६ सप्टेंबर २०२१, फोर्ड फील्डवर बॉल्टिमोर रेव्हन्स. शेवटच्या मिनिटात लायन्स १७-१६ ने पुढे होते. ठरलेलं अंतर काढायला संघाला चार संधी मिळतात. रेव्हन्सकडे त्यातली शेवटची होती आणि तिच्यात १९ यार्ड काढायचे होते, जे जवळजवळ कधीच निघत नाहीत. त्यांचा क्वार्टरबॅक लामार जॅक्सनने ३६ काढले. त्यानंतर एकदा चेंडू खेळात आणायच्या मुदतीचं घड्याळ शून्यावर गेलेलं टीव्हीवर स्पष्ट दिसत होतं, तरी पंचांची शिट्टी वाजली नाही. मग जस्टिन टकरने ६६ यार्डांवरून चेंडू लाथाडला. इतक्या लांबून त्या लीगमध्ये तोवर कोणीच फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांमधून मारलेला तीन गुणांचा गोल, केला नव्हता. चेंडू खांबांमधल्या आडव्या दांड्यावर आदळला, वर उडाला आणि पलीकडे पडला. १९-१७. अवघं स्टेडियम आडव्या दांड्याकडे बघत बसलं.

दोनच आठवड्यांनी मिनेसोटात तसंच. ३७ सेकंद उरले असताना लायन्सनी टचडाऊन केला, म्हणजे चेंडू समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे नेला. टचडाऊननंतर मिळणाऱ्या जादा संधीत एक गुण घेऊन बरोबरी साधता आली असती, पण कॅम्पबेलने दोन गुणांसाठी डाव टाकला आणि तो जमला. १७-१६. उरलेल्या तेवढ्या सेकंदांत मिनेसोटाच्या व्हायकिंग्जनी मैदान पार केलं आणि ५४ यार्डांवरून गोल मारला. पुन्हा १९-१७. त्यानंतर पत्रकारांसमोर कॅम्पबेलच्या डोळ्यांतून पाणी आलं. जानेवारीत पहिल्या पत्रकार परिषदेत आपण पडलो तर उठताना समोरच्याच्या गुडघ्याची वाटी चावून उठू, असं तो बोलला होता, तेव्हा देशभर त्याची टिंगल झाली होती. हा रडलेला माणूस मात्र डेट्रॉइटला आपला वाटला. सहा फूट पाच इंचांचा गडी आपल्या पोरांच्या मेहनतीचं चीज झालं नाही म्हणून रडतो, यात मला तरी कमीपणा काही दिसला नाही. त्या रविवारी आमच्या गल्लीत कोणीही कोचला काढा म्हणालं नाही.

सगळेच पराभव असे शौर्याचे नव्हते, हेही सांगायला हवं. फिलाडेल्फियाने घरच्या मैदानावर ४४-६ ने धुतलं. तो सामना बघवत नव्हता. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शिकागोविरुद्ध कॅम्पबेलची स्वतःची चूक नडली: चेंडू एकदा खेळून झाल्यावर पुन्हा खेळात येईपर्यंत एका संघाला लागोपाठ दोन टाइमआऊट (घड्याळ थांबवायची मुभा) घेता येत नाहीत आणि त्याने ते घेतले. ५ यार्डांचा दंड झाला, शिकागोला ९ ऐवजी ४ च यार्ड काढायचे राहिले, ते त्यांनी काढले, घड्याळ संपवलं आणि शेवटच्या क्षणी गोल मारून १६-१४ ने जिंकले. नवखा कोच होता, हे तिथे दिसलं. मध्यंतरी त्याने आक्रमणाचे डाव सांगण्याचं काम सहायकाकडून काढून स्वतःकडे घेतलं होतं, तेही सुरुवातीला फारसं फळलं नाही. डिसेंबर उजाडला तेव्हा खात्यावर १० पराभव, एक बरोबरी आणि विजय शून्य.

मग ५ डिसेंबर. त्या आठवड्यात, ३० नोव्हेंबरला, डेट्रॉइटच्या उत्तरेला ऑक्सफर्ड गावच्या शाळेत गोळीबार होऊन चार विद्यार्थी गेले होते. शाळेत जाणारी मुलं ज्यांच्या घरात आहेत, त्यांना तो आठवडा कसा गेला हे शब्दांत सांगणं कठीण आहे. अशा वेळी पुन्हा मिनेसोटा समोर. लायन्स २३-२१ ने पुढे, चार मिनिटं बाकी, चेंडू स्वतःच्याच २८ यार्डांच्या रेषेवर आणि हवा फक्त एक यार्ड. अशा जागी कोणीही चेंडू लांब लाथाडून मोकळा होतो. कॅम्पबेलने चेंडू न लाथाडता तो एक यार्ड काढायचं ठरवलं. गॉफच्या हातून चेंडू सुटला, व्हायकिंग्जनी टचडाऊन केला, २७-२३.

इथे संघ मोडायला हवा होता. अकरा सामन्यांत एकही विजय नाही, पुढे असलेला सामना कोचच्या धाडसाने घालवलेला, हातात टाइमआऊट नाही. तरी गॉफ तुकड्यातुकड्याने पुढे सरकत राहिला. शेवटी ४ सेकंद, ११ यार्ड, एकच डाव. त्याने टाकलेला चेंडू अमॉन-रा सेंट ब्राऊनने गोलरेषेच्या आत धरला. तो त्या वर्षीच ड्राफ्टच्या चौथ्या फेरीत आलेला पोरगा. त्याच्या आधी तब्बल १११ जणांना निवडलं गेलं होतं. २९-२७. कॅम्पबेलने तो विजय ऑक्सफर्डला अर्पण केला आणि पत्रकार परिषदेत त्या चारही मुलांची नावं घेतली.

कोच का राहिला, याचं माझं उत्तर त्या शेवटच्या दोन मिनिटांत आहे. कोच खेळाडूंच्या मनातून उतरला की ते सगळ्यात आधी अशा वेळी दिसतं. धावणारे हळू धावतात, पडलेल्याला उठवायला कोणी जात नाही. इथे तसं काही दिसलं नाही. पुढे त्यांनी १० सामने जिंकून आलेल्या अरिझोनाला ३०-१२ ने हरवलं आणि शेवटच्या आठवड्यात ग्रीन बेलाही. काहीही मिळणार नसताना.

आता त्याच वर्षीच्या ह्यूस्टनकडे बघा. तिथेही नवा कोच, डेव्हिड कली. त्याने ४ सामने जिंकले, कॅम्पबेलपेक्षा एक जास्त, तरी वर्षभरात त्याला नारळ दिला. त्याच्या जागी लव्ही स्मिथ आले, त्यांचा हिशेब हुबेहूब लायन्ससारखा, ३ विजय, १३ पराभव, एक बरोबरी. त्यांनाही एका वर्षात काढलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर ह्यूस्टन त्यानंतरच्या वर्षी आपल्या गटात पहिला आला, म्हणजे काढण्याने नेहमी वाटोळंच होतं असं नाही. पण दोन माणसांना वर्षभर बुजगावण्यासारखं उभं करून उपटून टाकणं मला आजही खटकतं.

डेट्रॉइटचा खरा कस तर २०२२ मध्ये लागला. पहिल्या सहापैकी पाच सामने पुन्हा हरले. कॅम्पबेलची एकूण कामगिरी तेव्हा इतकी वाईट होती की मलाही रविवारी टीव्ही लावताना धाकधूक व्हायची. त्या वेळी मालकीण शीला फोर्ड हॅम्प स्वतः सराव मैदानावर पत्रकारांसमोर आल्या आणि हे काम वेळ घेणारं आहे, आमचा विश्वास कायम आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतरचा सामनाही लायन्स हरलेच. मग उरलेल्या १० पैकी ८ जिंकले.

१४ जानेवारी २०२४ ला प्लेऑफसाठी, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीसाठी, रॅम्स फोर्ड फील्डवर आले, क्वार्टरबॅक स्टॅफर्ड. लायन्सनी प्लेऑफचा सामना जिंकून ३२ वर्षं झाली होती. २४-२३ अशा एका गुणाच्या आघाडीवर घड्याळ संपवायचं होतं आणि त्यासाठी एक शेवटचा पास लागत होता. गॉफने तो सेंट ब्राऊनला दिला, ११ यार्डांचा. रॅम्सनी नको म्हणून सोडलेल्या गॉफच्या नावाचा जयघोष त्या रात्री अख्खं स्टेडियम करत होतं.