अंगणातली लव

सात वर्षांपूर्वी जुळे सोलापुरातल्या आमच्या घरासमोर एक छोटा टेम्पो थांबला आणि त्यातून गवताच्या लाद्या उतरू लागल्या, तेव्हा आई पायरीवर ज्वारी निवडत बसली होती. रोपवाटिकेच्या माणसाने मातीसकट कापून आणलेले ते हिरवे चौकोन तिने बराच वेळ न्याहाळले आणि मग म्हणाली, "गवत इकत आणलंस? दारात एक शेरडू नाही, खाणार कोण?" बार्शी तालुक्यातल्या रानात जिचे अर्धे आयुष्य खुरपण करण्यात गेले, तिला चौरस फुटाच्या दराने गवताचे पैसे मोजणारा मुलगा पाहावा लागला, ही गोष्ट तिने अजून मला पूर्णपणे माफ केलेली नाही. मी तिला 'मेक्सिकन लॉन' हा शब्द ऐकवला. त्याने काही फरक पडला नाही.

घर बांधताना पडलेला मुरूम उपसून, त्यावर काळी माती पसरून ४०० चौरस फुटांची हिरवळ तयार झाली आणि पहिला पावसाळा सरता सरता ती कापावी लागेल हे लक्षात आले. बाजारात जाऊन मी हाताने ढकलायचे यंत्र आणले. दोन चाके, त्यांच्यामध्ये पीळ दिलेल्या पात्यांचे एक रूळ, रुळाखाली एक स्थिर आडवे पाते आणि ढकलायला दांडा, एवढाच त्याचा संसार. चाके फिरली की रूळ फिरते, पीळदार पाते गवताला आडव्या पात्यावर रेटते आणि कात्रीसारखे कापते. निदान पुस्तिकेत तरी तसे लिहिले होते. माझ्या हातात ते यंत्र गवत कापण्याऐवजी चघळत होते. दोन दिवसांनी गवताच्या पात्यांची टोके फाटून पांढरट पडली आणि सारी हिरवळ अकाली पिकल्यासारखी दिसू लागली.

समोरच्या घरातले अण्णा हे सगळे फाटकाबाहेरून पाहत होते. त्यांचे आजोबा तेलंगणातून मागावर काम करायला सोलापुरात आले. स्वतः अण्णांची उमेदीची वर्षे टॉवेलाच्या कारखान्यात गेली. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी आणि किराणा दुकानात कन्नड असा त्यांचा रोजचा परिपाठ आहे. एका संध्याकाळी ते आत आले, यंत्र उलटे करून उकिडवे बसले, रुळावरून बोट फिरवले आणि हसू लागले. "सर, हे गवताचं मशीन नाही ओ. हे आमचं शिअरिंग आहे की!"

मखमली टॉवेल विणून झाला की त्याच्या एका बाजूचे फासे वरून अलगद कापून लव सारखी करतात. त्या कामाच्या यंत्रातही असेच पीळदार पात्यांचे रूळ आणि त्याखाली आडवे पाते असते. अण्णांचे बोलणे मी कौतुकाने ऐकले, पण ते अक्षरशः खरे आहे हे मला नंतर वाचनात कळले. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये, स्ट्राउडजवळच्या थ्रप या गावी, एडविन बियर्ड बडिंग नावाचा एक यंत्रकार होता. त्या खोऱ्यात लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या आणि कापडावरची विस्कटलेली लव कापून ते गुळगुळीत करणारी रुळाची यंत्रे त्या गिरण्यांमध्ये चालत. जे कापडावर चालते ते जमिनीवर का चालू नये, असे बडिंगला वाटले आणि १८३० साली त्याने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तोवर मोठ्या हवेल्यांसमोरची हिरवळ विळ्यासारख्या लांब दांड्याच्या कोयत्याने कापली जाई आणि तेही पहाटे, कारण दवाने ओले झालेले गवत पात्यासमोर ताठ उभे राहते. बडिंगच्या यंत्राने कोरड्या गवतावर दिवसाढवळ्या काम करण्याची सोय झाली. म्हणजे जगभरातल्या बंगल्यांपुढचा हा हिरवा शिष्टाचार एका कापड गिरणीतून निघाला. सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावात हे मला कोणी आधी सांगितले नाही याचे आश्चर्य वाटते. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या आठवणी काढणारी माणसे इथे अजून घरोघरी आहेत.

अण्णांनी पुढचा तासभर माझी शिकवणी घेतली. वर्तमानपत्राची एक अरुंद पट्टी त्यांनी रूळ आणि आडवे पाते यांच्यामध्ये धरली आणि रूळ हाताने हळूच फिरवले. पट्टी कापली गेली नाही, नुसती दुमडली. दोन्ही बाजूंचे स्क्रू पाव पाव फेरा आवळत, पुन्हा पुन्हा पट्टी धरत, त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कागद स्वच्छ कापला जाईल इतकेच अंतर ठेवले. फार आवळले तर पाती एकमेकांना खातात, फार सैल ठेवले तर गवत मध्ये दुमडते. मग रुळाला बारीक वाळूसारखी मळी लावून ते उलट दिशेने फिरवत धार काढली. सायकलवर धार लावणारा जो माणूस आमच्या गल्लीत येतो, त्याने हेच यंत्र पाहून हात जोडले होते. अण्णांनी कापलेली गवताची पहिली पट्टी अंगणात पाहिली तेव्हा आईसुद्धा उठून आली. तिने त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "चादरीगत झालंय."

मध्ये दोन महिने मी बिजलीच्या यंत्राच्या नादी लागलो, ते थोडक्यात सांगून टाकतो. त्यात एकच आडवे पाते प्रचंड वेगाने गरगरते. ते कात्रीसारखे कापत नाही, तर झोडपते. पहिल्या महिन्यात मी त्याची स्वतःचीच वायर कापली. दुसऱ्या महिन्यात काळ्या मातीखालून वर आलेला मुरमाचा एक खडा त्याने थेट अण्णांच्या खिडकीवर मारला. काच भरून दिली आणि यंत्र माळ्यावर गेले.

खरी पंचाईत यंत्राची नव्हती, पाण्याची होती. आमच्याकडे भीमेवरच्या उजनी धरणाचे पाणी नळाला चार-पाच दिवसांआड येते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि काळ्या मातीला अशा भेगा पडतात की यंत्राचे चाक त्यात अडकावे. मी एकदा वहीवर हिशेब मांडला. ४०० चौरस फूट म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर; तिथे एक मिलिमीटर पाणी द्यायचे तर ३७ लिटर लागतात. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरले, तरी १८५ लिटर झाले. चार दिवसांचे ७४० लिटर, आणि आमची टाकी एक हजाराची. उरलेल्या २६० लिटरमध्ये चार माणसांनी चार दिवस काढायचे, असा याचा अर्थ. हा कागद मी कुणाला दाखवला नाही, पण नळी गुंडाळून ठेवली.

बार्शी रस्त्यावर नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे गेलो की मला नेहमी वाटते, आपल्या भागातले गवत मुळातच वर्षातले बरेच महिने पिवळे असते. पावसाळा संपला की कुसळी आणि पवन्या वाळून सोनेरी होतात. ते मरण नव्हे, झोप असते, मुळे खाली जिवंत असतात. आपल्या अंगणात मात्र पिवळेपण दिसले की यजमानाला लाज वाटते. ही लाज आपण लाद्यांबरोबरच विकत आणली असावी, असा माझा संशय आहे.

पाणी तोडल्यावर तो विकतचा गालिचा दोन उन्हाळ्यांत विरला. त्याच्या ठिगळांमधून जे वर आले ते मी पाच वर्षे चिमट्याने वेचत होतो, ती हरळी. शेतकऱ्याला हरळीइतका राग दुसऱ्या कशाचा नसेल. कांडे तुटून मातीत राहिले तरी पुन्हा फुटते. आईला मी तिच्याविरुद्ध मदतीला बोलावले, तर ती म्हणाली की रानात आम्ही हिच्यापुढे हरलो, तू चारशे फुटांत काय जिंकणार. नंतर पुस्तकात पाहिले, तर जगातल्या उष्ण भागांत क्रीडांगणांवर ज्याला 'बर्म्युडा ग्रास' म्हणून मुद्दाम लावतात, ते हेच गवत, आपली हरळी, आपली दूर्वा. तुडवलेले चालते, बुटके कापलेले चालते, पाणी नसले तर पिवळी होऊन पडून राहते आणि मृगाच्या पहिल्या सरीला पुन्हा उठते. मी फुकट आलेला पाहुणा हाकलत होतो आणि पैसे देऊन आणलेल्याची खातिरदारी करत होतो.

आता अंगणात नुसती हरळी आहे. तिला एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापायचे नाही आणि उन्हाळ्यात थोडी उंच ठेवायची, एवढे दोनच नियम मी पाळतो. कापलेले गवत पलीकडच्या गल्लीतल्या शेळ्यांकडे जाते, त्यामुळे आईचा पहिल्या दिवशीचा प्रश्नही सुटला आहे.

भाद्रपदात मात्र यंत्राचे वेळापत्रक आई ठरवते. चतुर्थीच्या आठ-दहा दिवस आधी एकदा कापायचे, म्हणजे तीन पानांचे कोवळे कोंब फुटतात, आणि त्यानंतर पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. गेल्या वर्षी मला तारीख चुकली आणि मी नेमके आदल्या दिवशी सगळे साफ केले. सकाळी एकवीस दूर्वांच्या जुड्या न्यायला ताटे घेऊन आलेल्या गल्लीतल्या बायका गुळगुळीत अंगणाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. यंदा श्रावण संपायच्या आतच अण्णा वर्तमानपत्राची पट्टी घेऊन फाटकात उभे राहिले. यंत्र उलटे केले, उंचीचा खटका एक खाच वर सरकवला आणि आत बघून हाक मारली, "आई, तारीख सांगा ओ, आज कापतो."