सुरसागर आणि आरशासारखं पाणी

आज सकाळी बडोद्यातल्या सुरसागर तलावाचं पाणी इतकं स्तब्ध होतं की महादेवाची मूर्ती त्यात जशीच्या तशी उलटी दिसत होती. फोटोला झकास, पण सीप्लेन (पाण्यावर उतरणारं विमान) उतरवायला असं पाणी सगळ्यात वाईट! उंचीचा अंदाजच येत नाही. माणूस उंचावरच फ्लेअर करतो, म्हणजे टेकण्यासाठी नाक वर उचलतो, नाहीतर सरळ आपटतो. म्हणून काठालगत यायचं, नाक किंचित वर ठेवायचं, इंजिनाच्या पॉवरवर मिनिटाला साधारण 150 फूट उतार धरायचा आणि फ्लोट (विमानाखालचे पोकळ तरंगे) टेकेपर्यंत काही बदलायचं नाही. यात पाण्याची लांबी भरपूर खर्च होते.

2020 साली केवडियाला ट्विन ऑटर सीप्लेन उतरलं तेव्हापासून बडोद्यातली मुलं सीप्लेन रेटिंगचं, म्हणजे पायलटच्या परवान्यावरच्या जादा पात्रतेचं, विचारतात. अमेरिकेत परवाना आधीच असेल तर सीप्लेनसाठी वेगळी लेखी परीक्षा नाही; प्रशिक्षकाची सही आणि प्रॅक्टिकल चाचणी. पण तेवढ्यावर नोकरी कोण देतो? विमावाले फ्लोटवरचे तास मागतात. त्यामुळे बरेच जण डॉकवरच (धक्क्यावर) सुरुवात करतात: दोर बांधा, सामान चढवा, उड्डाणाआधी फ्लोटचा एकेक कप्पा हातपंपाने उपसा. एकाच कप्प्यातून रोज जास्त पाणी निघालं, तर रिव्हेट नाहीतर सांधा तपासायला घ्यायचा.