एक तोळ्याची गोळी आणि वाया गेलेले ६० पौंड

आधीच सांगतो, ६० पौंडांचा राग अजून उतरलेला नाही, तेव्हा पुढचं वाचताना तेवढं धरून चाला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्कॉटलंडला जाऊन आलो, रेड डिअरच्या मादीच्या शिकारीला, आणि डिचोलीला परतल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, गोळी कुठली घातलीस, किती वजनाची. सगळ्यांना वेगवेगळं सांगून कंटाळलो, आता एकदाच लिहितो.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, ती बंदच असावी, त्यावर वाद नको. तिकडचं गणित उलटं आहे. लांडगे कधीच संपले, हरणं दहा लाखांच्या आसपास, झाडाचं रोप म्हणून वर येऊ देत नाहीत, म्हणून दरवर्षी ठरवून कमी करावी लागतात. माद्यांचा हंगाम २१ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी. आपली रायफल न्यायची गरज नाही आणि तिथलं लायसन्सही लागत नाही, इस्टेटीची (म्हणजे ज्यांच्या खाजगी डोंगरावर शिकार असते त्यांची) रायफल त्यांच्याच जमिनीवर त्यांच्या माणसासोबत वापरता येते. या माणसाला तिकडं स्टॉकर म्हणतात, दिवसभर तोच तुमचा मालक.

आता फसलो कसा ते. माझा मावसभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो (आपले गोंयकार असतात तिथंच, तिथं म्हणे बसस्टॉपवर कोकणी ऐकू येते), त्याच्या ओळखीच्या एका एजंटानं दिवस बुक करून दिला. फोनवर विचारलं, अॅम्युनिशन कुठलं घालू? मी आयुष्यभर क्लबात टू-टू (.२२ ची छोटी रायफल) मारलेली, कागदावर, मला काय कळतंय. म्हणून चौकशी केली. सत्तरीतला मामा आजोबांच्या केपाच्या बंदुकीच्या गोष्टी ऐकत वाढलेला, तो म्हणाला, "जड आसूं दी रे, जड पडली की जनावर जाग्यावर." क्लबातल्या दोघातिघांनी पण तेच, .३०८ (हे नळीचं माप, इंचात) असेल तर १८० ग्रेनच (हे गोळीचं वजन) घे, हलकी गोळी हरणाला नुसती टोचते. आमच्या बाजारातल्या शेटला, म्हणजे सोनाराला, विचारलं तर तो तराजूकडं बघून हसला, म्हणाला १८० ग्रेन म्हणजे बरोब्बर एक तोळा की, जुना तोळा हां, आताचा दहा ग्रॅमवाला नव्हे. बारा मासे (मासा म्हणजे सोनाराचं जुनं वजन). एवढं सोनं कुणी हरणावर फेकतं का. मी खूश, एका तोळ्याची गोळी ऐकायला पण भारी वाटतं. एजंटाला कळवून टाकलं, १८० पाहिजे. तो म्हणाला हो हो, ते आमचं हेवी गेम पॅकेज, वीस काडतुसं, ६० पौंड जादा. म्हणजे आपले सात हजार झाले की. दिले.

इथं एक गोष्ट आधी स्पष्ट करतो कारण क्लबातल्या एकाला अजून वाटतं की ग्रेन म्हणजे आतली दारू. नाही. खोक्यावर जो आकडा असतो तो फक्त टोकाच्या गोळीचं वजन, अख्ख्या काडतुसाचं नाही आणि दारूचं तर नाहीच. दारू पण ग्रेनमध्येच मोजतात म्हणून गोंधळ होतो, .३०८ मध्ये ती साधारण ४५ ग्रेनच्या आसपास असते. ग्रेनचा ग्रॅम करायचा तर १५.४३ नं भागा. किंवा शेटची रीत वापरा, १५ ग्रेनचा एक मासा, १५० म्हणजे दहा मासे, १६५ म्हणजे अकरा, १८० म्हणजे तोळा. मला तर आता हेच सोपं जातं.

मोपाहून मुंबई, मुंबईहून लंडन, मग भावाच्या गाडीतून दीड दिवस उत्तरेला, वाटेत लॉक नेस लागलं, पाणी आहे. इन्व्हर्नेसच्या वर तासाभरावर मुक्काम, जेवण बरं होतं. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी नऊला, म्हणजे तिकडं उजाडतं तेव्हा, स्टॉकर आला. साठीचा माणूस, चालतो मात्र पोरासारखा. आधी नेम दाखवायचा असतो, १०० मीटरवर लोखंडी पत्र्याचं हरीण उभं केलेलं असतं, त्यावर तीन गोळ्या. आपण कितीही मोठे नेमबाज असलो तरी ही परीक्षा चुकत नाही आणि चुकू पण नये. मी ऐटीत माझं १८० चं खोकं मागितलं. त्यानं खोकं उलटसुलट बघितलं, काही बोलला नाही, भरून दिली. तीन मारल्या, तिन्ही तीन इंच खाली आणि दोन इंच डावीकडे, तिसऱ्याला तर मी झटक्याच्या भीतीनं डोळेच मिटले हे मला स्वतःला कळलं. मला वाटलं माझाच हात गेला. म्हातारा म्हणाला, हात ठीक आहे, ही रायफल १५० च्या तांब्याच्या गोळीवर सेट केलीय, तुझी शिशाची १८० त्याच भोकात जाईल असं तुला कुणी सांगितलं? आणि वर हेही की शिशानं मारलेलं जनावर त्यांचा मांसाचा व्यापारी घेतच नाही. म्हणजे एजंटानं मला जे विकलं ते इस्टेटीला चालणारच नव्हतं! आणि उरलेली सतरा काडतुसं? ती मी सोबत नेऊ शकत नाही, तिथलं सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला काडतुसं बाळगता येत नाहीत. ती गेली त्यांच्या कपाटात. तीन गोळ्या, ६० पौंड, वीस पौंडाला एक. त्यानं मग स्वतःच्या खिशातून १५० च्या पाच काढून दिल्या, फुकट, आणि पुढच्या दोन्ही पत्र्याच्या छातीत बोटभर अंतरावर बसल्या.

म्हणून पहिला सल्ला हाच, आणि हा मी भिंतीवर लिहून लावायला तयार आहे. दुसऱ्याची रायफल वापरताय तर वजन तुम्ही ठरवायचं नाही, ती ज्यावर सेट आहे तेच मारायचं. बुक करताना एजंटाला तीनच प्रश्न विचारा, रायफल कुठली, सेट कशावर आहे, तीच काडतुसं पैशात धरलीत का. तो पॅकेज वगैरे बोलायला लागला की फोन ठेवा.

आता जड-हलकं. त्या रात्री झोप लागेना म्हणून दोन्हीचा हिशोब मांडला. .३०८ ची नेहमीची १५० ग्रेन नळीतून साधारण २८२० फूट सेकंदाला निघते, १८० निघते २६२० नं. ताकद काढली तर पहिलीची २६५० फूट-पाउंड, दुसरीची २७४०. म्हणजे शंभरात तीन-चारचा फरक! एवढ्यासाठी खांद्यावर जादा झटका आणि जादा पडणारी गोळी. स्कॉटलंडचा कायदा रेड डिअरला मागतो १७५० फूट-पाउंड आणि २४५० फूट वेग, गोळी किमान ८० ग्रेनची. आधी हे वजन १०० होतं, २०२३ मध्ये खाली आणलं, कारण तांब्याच्या गोळ्या हलक्या असतात. म्हणजे आपण इथं बसून १८० खाली नको म्हणतोय आणि ज्यांचं पोट या धंद्यावर आहे ते ८० वर आलेत. इंग्लंडमध्ये तर मोठ्या हरणांना वजनाची अटच नाही, .२४० च्या वरची नळी आणि १७०० फूट-पाउंड, बस.

वजनापेक्षा गोळी कशाची आणि कशी बनवलीय हे बघायचं असतं, हे मला म्हाताऱ्यानं डोंगर चढताना तुकड्यातुकड्यानं सांगितलं (तो बोलत होता, मी धापा टाकत होतो). शिशाची गोळी आत गेल्यावर पसरते आणि बारीक तुकडे मांसात सोडते, तांब्याची फुलासारखी उमलते, तुकडे जवळजवळ होत नाहीत, आरपार जाते. पण तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला नळीतल्या आट्यांचा पीळ घट्ट लागतो, नाहीतर ती हवेत डुलते. म्हणून शिशात १८० मारणाऱ्यानं तांब्यात १६५ किंवा १५० वर यायचं, वर नाही जायचं. शिवाय तांबं उमलायला वेग लागतो, लांब गेल्यावर वेग पडला की ती सुईसारखी निघून जाते. इथं हलकी गोळीच बरी, कारण ती जोरात जाते. ब्रिटन सरकारनं २०२५ मध्ये शिशाच्या दारूगोळ्यावर बंदी आणायचं जाहीर केलंय, तेव्हा पुढं जाणाऱ्यांनी तांब्याचंच डोक्यात ठेवा.

त्याच्या मते .२४३, ६.५ बाय ५५, .२७०, .३०८ यातलं काहीही चालतं. मादी आपल्या सांबरापेक्षा लहानच भरते, तिला मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस, लागत नाही. जो मॅग्नम मागतो त्याला हा म्हातारा आधी पत्र्यावर दहा गोळ्या मारायला लावतो म्हणे.

आता तो चिखल. यावर कुणीच मला काही बोललं नव्हतं, ना एजंट, ना भाऊ. फोटोत ते डोंगर बघून वाटतं चोर्ल्याचं पठार, गवत, मस्त चाल. खोटं. वर पोचल्यावर काळ्या कुजलेल्या मातीचे पुरुषभर उंचीचे बांध लागतात आणि मध्ये चर, चरात गुडघ्याच्या वरपर्यंत लगदा. आमच्या खाजनातला चिखल ज्यानं तुडवलाय त्याला वाटेल त्यात काय, पण खाजनातला चिखल कोमट असतो हो. हा तीन डिग्रीचा, त्यात पाऊस आडवा. ७०० मीटरला सव्वा तास. मध्ये दोनशे मीटर तर पोटावर, कारण कळप समोरच्या उतारावर आणि वारा फिरायला लागलेला. एका चरात माझा बूट राहिला, म्हाताऱ्यानं काठीनं ओढून काढला, एक शब्द बोलला नाही, ते जास्त लागलं. दूधसागरला रुळावरून चालत जाऊन आलात म्हणजे तुम्ही फिट असं मानू नका. दम नसेल तर जाऊ नका, सरळ सांगतो, पैसे परत मिळत नाहीत. जीन्स घालू नका. पोटऱ्यांवर चढवायचे गेटर घ्या, लोकरीचे मोजे दोन जोड, आणि हातमोजा असा घ्या की ज्यातून ट्रिगरचं बोट लागेल, माझा जाडा होता, ऐनवेळी दातानं ओढून काढावा लागला.

बार १४० मीटरवरून. म्हाताऱ्यानं थांबवून ठेवलं, जवळजवळ दहा मिनिटं, कारण मादीच्या मागं दुसरी उभी होती आणि तांब्याची गोळी आरपार जाते, मागचीला पण लागली असती. हे आरपारचं लक्षात ठेवा, मागं डोंगर पाहिजे, आकाश नको, दुसरं जनावर नको. मादी आडवी झाली, पुढच्या पायामागं, अंगाच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाला नेम. मारली तर ती पडलीच नाही! पळाली. माझ्या पोटात गोळा, मामाचा आवाज कानात, जड घाल म्हटलं होतं ना. म्हातारा शांत, म्हणाला दुसरं भरून ठेव आणि बघत रहा. चाळीस मीटरवर कोसळली. जागेवर जाऊन बघितलं तर गवतावर गुलाबी फेस, म्हणजे फुप्फुस. तांब्यानं असं होतंच म्हणे, थोडं पळतात, घाबरायचं नाही, पाच मिनिटं थांबायचं आणि मग जायचं. छातीचं मांस मात्र जवळजवळ स्वच्छ निघालं, आत जाताना बोटाएवढं भोक, बाहेर येताना रुपयाएवढं. तिच्यासोबत त्याच साली जन्मलेलं पिल्लू नव्हतं, असतं तर आधी ते मारतात, आईविना थंडीत मरतं म्हणून. हे त्यानं आधीच सांगितलं होतं, मला ते मारावं लागलं नाही याचं खरं सांगू तर बरं वाटलं.

मग ओढणं. आतडी काढून पंचेचाळीस किलो, दोरीनं, परत त्याच चिखलातून. साडेतीनला अंधार. पण त्या वेळी मला हसूच येत होतं, पाय भरून आलेत, ओठ निळे, आणि मी हसतोय. त्या रात्री कुणी विचारलं असतं तर म्हणालो असतो घर विका पण जा. आज म्हणतो जा, पण हंगाम सुरू झाल्या झाल्या ऑक्टोबरअखेर जा, उजेड जास्त मिळतो.

मांस तुमचं नसतं, इस्टेटीचं असतं, हे पण आधी कुणी सांगत नाही. पाहिजे तर विकत घ्यायचं. मी भावाकडं न्यायला एक मांडी घेतली, मावशीनं खतखत्यासारखं तासभर शिजवलं, चिवट झालं.

आणि निघण्याआधी जॅकेटचे, पँटचे, बॅगेचे सगळे खिसे उलटे करून झटका. माझ्या आतल्या खिशात ती पाचातली एक राहिली होती, १५० ची, म्हाताऱ्यानंच निघताना हात पुढं करून मागितली, दोन मारल्या पत्र्यावर, एक मादीला, एक रायफलीतून काढून दिलीस, पाचवी कुठाय. तीच बॅगेत घेऊन विमानतळावर गेलो असतो तर काडतूस बाळगल्याबद्दल आत बसलो असतो. आठवण म्हणून रिकामी पुंगळी पण आणू नका, स्कॅनरवर ती रिकामी आहे हे कोण पटवून देत बसणार.

एजंटाला तीन मेल टाकले आहेत. एकाचं उत्तर आलं, पॅकेज वापरलं गेल्यामुळे परतावा नाही. शेटला सांगितलं तर म्हणाला, दहा माशांत काम झालं, म्हणजे वरच्या दोन माशांचे ६० पौंड, चांदी स्वस्त पडली असती.