तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा नातू हात का फडफडवतो

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर झोपाळा आहे, आणि संध्याकाळी त्यावर टेकायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी मला कधी ना कधी हा प्रश्न विचारलेला आहे. कोणी मराठीत विचारतात, कोणी ‘आ केम आवुं करे छे, काका?’ असे गुजरातीत. पण विचारायचे असते ते एकच. तुमचा नातू हात असे का फडफडवतो, मध्येच पुढेमागे का डोलतो, आणि तुम्ही त्याला थांबवत कसे नाही? मागच्या महिन्यात शेजारच्या एका बाईंनी हे विचारले, तेव्हा त्या स्वतः पायाच्या अंगठ्याने फरशीला रेटा देत झोपाळा हलवत होत्या आणि वीसेक मिनिटांत तो एकदाही थांबला नव्हता. मी ते त्यांना दाखवून दिले नाही, कारण पाहुण्याला असे बोलणे बरे दिसले नसते. पण उत्तरही राहून गेले, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो.

नातू अकरा वर्षांचा आहे आणि तीन वर्षांचा असताना तो स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, असल्याचे निदान झाले. त्याच्या या हालचालींना इंग्रजीत ‘स्टिमिंग’ म्हणतात. ‘सेल्फ-स्टिम्युलेशन’ या जाडजूड वैद्यकीय शब्दाचे हे सुटसुटीत रूप आता अनेक स्वमग्न माणसे स्वतःही वापरतात. आमच्या घरात मात्र ‘त्याचं चालू आहे’ एवढेच म्हटले जाते आणि ते सर्वांना कळते. हात फडफडवणे ही त्यातली लोकांच्या डोळ्यांत भरणारी गोष्ट. परंतु चवड्यांवर चालणे, गिरक्या घेणे, एकच सूर धरून हूं हूं करत राहणे, ऐकलेले एखादे वाक्य त्याच चालीत दिवसभर म्हणणे, प्रत्येक वस्तू हुंगून पाहणे, पंख्याच्या पात्यांकडे डोळ्यांच्या कडेने बघत राहणे, हे सगळे त्यातच मोडते.

बाल्टिमोरचे डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि तेथून या अवस्थेला नाव मिळाले. त्यांनी वर्णन केलेला पहिलाच मुलगा हाताला लागेल ती वस्तू गरगर फिरवण्यात रंगून जात असे. पुढे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जी निदानपुस्तिका काढली, तिच्यात अशा पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचालींच्या गटातच आणखी एक निकष घातला गेला. आवाज, उजेड, स्पर्श यांचा इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी परिणाम होणे, असा तो निकष आहे. हे दोन निकष एकाखाली एक छापलेले मी पाहिले तेव्हा माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तेथेच मिळाले.

तुम्हाआम्हांला स्वयंपाकघरातला मिक्सर ऐकू येतो आणि दोन क्षणांत ऐकू येईनासा होतो, कारण डोके त्याला आपोआप मागे ढकलते. नातवाच्या बाबतीत ते होत नाही. मिक्सर, रस्त्यावरचे हॉर्न, ट्यूबलाइटची घरघर, आलेल्या पाहुण्यांचे अत्तर आणि मानेला टोचणारी शर्टाची पट्टी हे सारे एकाच वेळी, सारख्याच जोराने त्याच्यावर येऊन आदळते, आणि त्यातले काहीही केव्हा सुरू होईल व केव्हा थांबेल हे त्याच्या हाती नसते. अशा वेळी स्वतः काढलेला एकसुरी आवाज किंवा स्वतः धरलेला डोलण्याचा ताल ही एकच गोष्ट त्याच्या ताब्यातली असते; पुढचा झोका केव्हा येणार हे त्याला ठाऊक असते. याच्या उलटही घडते. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा आणि स्नायू व सांधे यांच्याकडून मेंदूला शरीराची जी खबर सतत मिळत राहते, ती काही जणांना अपुरी पडते. मग उडी मारून, गिरकी घेऊन, अंग भिंतीवर दाबून ती वाढवून घ्यावी लागते. आणि पुष्कळदा कारण याहून सोपे असते: त्याला आनंद झालेला असतो.

मी चौतीस वर्षे रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली, त्यामुळे खुणा वाचण्याची खोड मला आहेच. तरी नातवाचे हात वाचायला मला तीन वर्षे लागली. बोटे पसरलेली, हात खांद्याच्या उंचीवर आणि टाचा उचललेल्या असतील तर स्वारी खुशीत असते. कमाटीबागेत खेळगाडीची शिट्टी ऐकली की हेच दिसते. हात कानांजवळ, कोपरे अंगाला चिकटलेली आणि सोबत घशातून बारीक घुमणे असेल, तर आपल्याजवळ पाचेक मिनिटे आहेत असे समजावे आणि त्याला घेऊन बाहेर पडावे. तिसरा प्रकार संथ असतो. तेव्हा तो एक सुतळीचा तुकडा डोळ्यांसमोर नुसता हलवत बसतो. त्याला वाट पाहावी लागत असली की हे चालते, जसे बँकेच्या रांगेत माझे पाय हलतात. ‘बसल्याबसल्या पाय हलवू नये’ असे आई मला लहानपणी बजावत असे. सत्तरी उलटली तरी ते सुटलेले नाही.

थांबवण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही असे मात्र नाही, आणि तो सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. नातू पाच वर्षांचा असताना आम्ही त्याला एका केंद्रात पाठवत होतो. तेथे टेबलावर पंजे उपडे ठेवून ‘हात शांत’ म्हटले की बिस्किटाचा एक तुकडा मिळे, आणि घरीही हेच करा अशी सूचना होती. त्या वर्षी गणपतीच्या आरतीला घर भरलेले होते, टाळ-झांजा चालू होत्या, आणि तो हात फडफडवू लागताच चार लोकांत बरे दिसावे म्हणून मी त्याचे दोन्ही पंजे माझ्या मुठीत घट्ट धरले. आरती संपेपर्यंत सोडले नाहीत. तो रडला नाही, ओरडला नाही. सगळ्यांना वाटले, किती शहाण्यासारखा उभा आहे. मी हात सोडले तेव्हा त्याने स्वतःच्या मनगटाला चावा घेतला, आणि ते वळ दोन दिवस दिसत होते. केंद्र आम्ही पुढच्या महिन्यात सोडले. माझी चूक मात्र केंद्राच्या नावावर घालता येणार नाही.

पुढे वाचनातून कळले की या ‘शांत हातां’मागचा इतिहास बराच कठोर आहे. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांनी १९६० च्या दशकात अशा हालचाली बंद पाडण्यासाठी मुलांवर ओरडणे, थपडा मारणे, इतकेच नव्हे तर विजेचे झटके देणे असे उपाय वापरले होते. मुलाच्या हालचाली थांबल्या म्हणजे मूल सुधारले, असा त्यामागचा समज. ज्यांच्या हालचाली थांबवल्या जात होत्या त्यांना कोणी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. २०१९ मध्ये ‘ऑटिझम’ या संशोधनपत्रिकेत प्रौढ स्वमग्न व्यक्तींच्या मुलाखतींवर आधारलेला एक निबंध आला. त्यात त्यांनी सांगितले की या हालचालींनी त्यांना शांत वाटते, अनावर झालेली भावना आवरता येते, आणि लोक पाहतात म्हणून त्या लपवाव्या लागतात. त्या मोडून काढण्यासाठी केल्या जाणाऱ्या उपचारांना त्यांचा विरोध होता. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंची गोष्ट तर मला फारच पटली. त्या स्वतः स्वमग्न आहेत. लस टोचण्यासाठी गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या खोड्यात गुरे निवांत होतात हे त्यांनी तरुणपणी पाहिले, आणि तसेच दाब देणारे एक यंत्र स्वतःसाठी बनवले. आमच्याकडे तेच काम दोन जड गोधड्या करतात.

तर मग कधीच थांबवू नये का, असेही लोक विचारतात. इजा होत असेल तेथे हात घालावाच लागतो, पण तेथेही आधी कारण शोधावे लागते. दोन वर्षांपूर्वी नातू अचानक उशीवर, मग भिंतीवर डावा गाल आपटू लागला. आम्ही आठवडाभर उशा लावत बसलो; शेवटी दंतवैद्यांनी दाढेतली कीड दाखवली, आणि दाढेचे काम झाल्यावर ते आपटणे आपोआप गेले. दात, कान, पोट साफ नसणे या गोष्टी ज्याला शब्दांत सांगता येत नाहीत तो त्या अशाच सांगतो. आणखी एक खबरदारी अशी: स्वमग्न मुलांमध्ये अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचे, प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. हाक मारून, खांद्याला स्पर्श करूनही मूल भानावर येत नसेल, नजर गोठलेली असेल, तर ते ‘चालू आहे’ म्हणून सोडून देऊ नये. मोबाइलवर चित्रण करून मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. बाकी किरकोळ बाबतीत अदलाबदल चालते. नातू शर्टाची कॉलर चावून भिजवत असे. आता त्याच्या गळ्यात चावण्यासाठीच मिळणारे सिलिकॉनचे लॉकेट असते. कॉलरी वाचल्या, चावणे आहे तसेच आहे.

नवरात्रात आम्ही त्याला गरब्याला नेतो. मैदानात आत नव्हे, कडेला, कानांवर आवाज अडवणारे मोठे हेडफोन घालून. आत हजारो माणसे एकाच वर्तुळात, त्याच टाळीवर, त्याच पावलावर तासन्‌तास फिरत असतात, आणि घामाघूम होऊन बाहेर येताना त्यांचे चेहरे इतके मोकळे झालेले असतात की पाहत राहावे. गेल्या वर्षी त्यांतल्याच एका गृहस्थांनी बाहेर येऊन, उपरण्याने मान पुसत, मला विचारले की हा मुलगा सारखे तेच ते का करतो. मी म्हणालो, ‘तुमच्यासारखंच.’ ते हसले. त्यांना पटले की राग आला हे मला कळले नाही.

उत्तरायणात मात्र त्याला मागणी असते. गच्चीवरच्या मुलांना पतंग उडवायचा असतो, फिरकी धरायला कोणी तयार नसते. नातू सकाळपासून दुपारपर्यंत ती धरून उभा राहतो. ढील दिली की फिरकी गरगर फिरते, आणि हात गुंतलेले असल्यामुळे तो चवड्यांवर उड्या मारतो. यंदा आमचा मांजा कापला गेला तेव्हा शेजारच्या गच्चीवर ‘कायपो छे!’ चा गलका झाला, आमची मुले हिरमुसून पतंग कुठे जातो ते बघू लागली, आणि हा आपला दोन्ही मुठींत फिरकीच्या दांड्या सैल धरून, ती थांबेपर्यंत तिच्याकडे डोळ्यांच्या कडेने पाहत होता.