थंड डोक्याचं इंजिन

गाडी तापली की सगळा रस्ता गोळा होतो. बॉनेटखालून वाफ येते, कुणी पाण्याची बाटली घेऊन धावतो, कुणी ‘रेडिएटरचं झाकण उघडू नका’ म्हणून ओरडतो आणि तेवढ्यात तिसरा फडकं घेऊन ते उघडायलाच निघालेला असतो. गाडी तापतच नसेल तर मात्र कुणाला पत्ता लागत नाही. वाफ नाही, वास नाही, लाल दिवा नाही. तापमानाचा काटा ‘सी’च्या, म्हणजे ‘कोल्ड’च्या, जरा वर पडून राहतो आणि मालक कौतुकाने सांगतो, आपली गाडी एकदम थंड चालते!

उन्हाळ्याच्या धाकात वाढलेल्या आपल्या मुलखाला इंजिन थंड राहणं हा गुण वाटतो. तो रोग आहे. रोगाचा जोर दिसतो तो डिसेंबर-जानेवारीत. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, तेव्हा वीस किलोमीटर जाऊनही काटा चौथाईच्या वर सरकत नाही आणि हीटरमधून कोमट फुंकर येते. दोष थंडीला दिला जातो. पण उणे वीस अंशांतही धड इंजिन चालत्या गाडीत आपलं तापमान गाठतं. तेव्हा संशयित दुसरा असतो, आणि बहुतेक वेळा तो थर्मोस्टॅटच असतो.

वस्तू एवढीशी. पितळेची डबी, तिच्यात तांब्याची भुकटी मिसळलेलं मेण, मध्ये एक दांडी, बाहेर स्प्रिंग आणि तबकडीसारखी झडप. थंड असताना झडप बंद असते, त्यामुळे पंप पाणी इंजिनातच आणि हीटरमध्ये फिरवतो, रेडिएटरकडे जाऊ देत नाही. कडेवर ‘८२’ किंवा ‘८८’ असा आकडा कोरलेला असतो. तेवढ्या अंशांवर मेण वितळून फुगतं, दांडी रेटतं आणि झडप उघडायला लागते. आणखी दहा-पंधरा अंशांवर ती पूर्ण उघडते, म्हणजे जेमतेम आठ-दहा मिलिमीटर. वायर नाही, सेन्सर नाही. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेट यांनी अमेरिकेत ही मेणाची युक्ती काढली आणि साध्या गाड्यांत ती आजही जवळपास तशीच चालते. त्याआधीचे थर्मोस्टॅट चटकन वाफ होणारं द्रव भरलेल्या घडीच्या डबीचे असत. त्याहून मागे गेलं, फोर्डच्या मॉडेल टीपर्यंत, तर तिथे थर्मोस्टॅटही नव्हता आणि पंपही. गरम पाणी वर आणि गार पाणी खाली, एवढ्याच न्यायावर कारभार.

ही झडप उघडी अडकली तर पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरची वारी करून येतं. रेडिएटरचा आकार ठरवलेला असतो मे महिन्यात भरल्या गाडीने घाट चढायच्या हिशेबाने. त्याला जानेवारीतला हायवेचा वारा मिळाला की इंजिनाने काही केलं तरी पुरत नाही. खाली जाळ आणि वर तोटी उघडी ठेवून बंबातलं पाणी तापवायला बसावं, तसा प्रकार.

झडप उघडी का अडकते? बोअरचं पाणी भरलेलं असेल तर क्षार आणि गंज तिच्या कडेवर बसतात आणि ती पुरती मिटत नाही. स्प्रिंग थकते. कडेचं रबर झिजतं. मेण गळालं तर मात्र उलटं होतं: उघडायचं काम मेणाचंच असल्यामुळे झडप बंद राहते आणि गाडी उकळते.

आपल्याकडे एक चौथं कारण आहे आणि ते सगळ्यांत जास्त भेटतं. झडप जागेवरच नसते. एखाद्या उन्हाळ्यात गाडी तापली, तेव्हा ‘व्हॉल्व्ह काढून टाकू, आपल्या हवेत लागत नाही’ असं गॅरेजमध्ये सांगितलं गेलं आणि मालकाने मान डोलावली. या सल्ल्याची गंमत अशी, की बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला मागे दुसरी छोटी तबकडी असते. मुख्य झडप उघडली की ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा मोकळा राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटर चुकवून तिथूनच परत फिरतं. म्हणजे थंडीत गाडी तापत नाही आणि उन्हात, घाटात, भरल्या वजनाने तापते. ज्या दुखण्यासाठी अवयव काढला ते दुखणं तसंच आणि वर एक नवीन.

बरं, थंड चालली तर बिघडतं काय? पहिली झळ मायलेजला. पाणी तापत नाही तोवर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, इंजिन नुकतंच सुरू झालंय असं समजून पेट्रोल जास्त सोडतो. थंड सिलिंडरच्या भिंतीवर ते पुरतं जळत नाही, पिस्टनच्या रिंगांच्या कडेने उतरून ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. शिवाय एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. बरचसं सायलेन्सरमधून जातं, थोडं रिंगांवाटे खाली उतरतं. गरम इंजिनात त्याची वाफ होऊन निघून जाते, थंड इंजिनात ते तिथेच मुक्काम करतं. ऑइल भरायचं झाकण उघडल्यावर आतून पांढरट-पिवळी साय दिसली की लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून हाय खातात. आधी कूलंटची, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याची, पातळी बघावी. ती जागच्या जागी असेल, डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ असेल आणि साय फक्त झाकणाखाली असेल, तर संशय थंड चालण्यावर घ्यावा. रोज दोन किलोमीटरच पळणाऱ्या गाडीतही हीच साय जमते. बीएस-६ डिझेलवाल्यांचं दुखणं आणखी महाग. पाणी पुरेसं तापल्याशिवाय डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःची काजळी जाळायला घेत नाही. फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि काही शे रुपयांच्या झडपेपायी हजारोंचं बिल हातात पडतं.

तपासायला गॅरेज लागत नाही. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करावी आणि थर्मोस्टॅट ज्या डबीत बसवलेला असतो तिच्यातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाइपवर, बहुतेक गाड्यांत वरच्या जाड पाइपवर, हात ठेवावा. पंख्यापासून बोटं आणि ओढणी-मफलर लांब. थर्मोस्टॅट ठीक असेल तर बराच वेळ पाइप थंडगार राहतो आणि मग मिनिटा-दोन मिनिटांत एकदम चटका देतो. पहिल्या मिनिटापासून तो इंजिनाबरोबर हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी आहे. निकाल तिथेच लागला.

रस्त्यावरची खूणही चोख आहे. सिग्नलला काटा चढतो आणि वेग घेतला की उतरतो. नाशिकहून मुंबईकडे कसारा घाट उतरताना तर बघतच राहावं: गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिनाला पेट्रोल जवळपास बंद असतं, म्हणजे उष्णता नाही, आणि समोरून गार वारा. झडप धड असेल तर काटा जागचा हलत नाही. उघडी असेल तर घाट संपेतो तो खाली लोळतो.

काट्यावर मात्र फार विसंबू नये. बऱ्याच आधुनिक गाड्यांत तो मालकाचा जीव घाबरू नये म्हणून मध्यावर धरून ठेवलेला असतो. पाणी ७५ असो की १०५, काटा तिथेच. कित्येक गाड्यांत काटाच नाही, फक्त निळा दिवा, आणि तो विझला म्हणजे सगळं छान असं नाही. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र, लावला की फोनवर खरा आकडा दिसतो. सलग वीस मिनिटं चालवूनही तो सत्तरीच्या आत घुटमळत असेल तर पाणी मुरतंय. ‘पी०१२८’ हा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच: जितकं तापायला हवं तितकं तापलं नाही.

थर्मोस्टॅट ठीक निघाला तर पंखा बघावा. ‘डायरेक्ट’ केलेला इलेक्ट्रिक पंखा चावी फिरवल्यापासून घुमतो. जीपवर्गातल्या जुन्या गाड्यांचा व्हिस्कस क्लच, म्हणजे पंखा इंजिनाला गरजेपुरता जोडणारा भाग, जाम झाला तर पंखा इंजिनाबरोबर कायम गरगरतो आणि विमानासारखा आवाज करतो. कूलंट कमी असेल तर हीटर थंड राहतो, काटा मात्र भरकटतो. आणि डिझेल नुसतं उभं ठेवून तापवायचा हट्ट सोडावा. उभ्या डिझेलमधून उष्णता इतकी थोडी निघते की अर्धा तास जाळूनही फारसं पदरात पडत नाही. अर्धा-एक मिनिट थांबावं आणि काटा चढेतो रेस न करता, हलक्या पायाने चालवावं. पेट्रोललाही हेच. कॅनडातल्या मंडळींच्या गाडीच्या जाळीतून प्लगची वायर लोंबते ती ब्लॉक हीटरची. तिथल्या उणे तीस अंशांत रात्री इंजिनाला विजेचा शेक द्यावा लागतो. तो सुरू होण्यासाठी; थर्मोस्टॅट उघडा असेल तर रस्त्यावर त्याचा उपयोग नाही.

बदलायचं काम तासाभराचं. नवा व्हॉल्व्ह आधी उजेडाकडे धरावा, कडेने फट दिसता कामा नये. मग दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगावा, तळाला टेकू नये, शेजारी थर्मामीटर. कडेवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला की पास. महाबळेश्वरात ही परीक्षा अर्धीच होते, कारण तिथे पाणी ९५-९६ लाच उकळतं आणि ८८ चा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला बघायला मिळत नाही.

इंजिन पूर्ण गार असताना दोनेक लिटर कूलंट खाली काढावं. डबीचे दोन-तीन बोल्ट, बहुधा दहाच्या पान्याचे. जुनं गॅस्केट खरवडताना स्क्रू-ड्रायव्हर नको, ॲल्युमिनियमला ओरखडा पडला की तिथूनच पाझरतं. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे. कडेवर हलणारी छोटी पिन असेल तर ती वर, कारण हवा तिथून सुटते. ती खाली बसली तर आत बुडबुडा अडकतो. रबर रिंग नवीन. बोल्ट हाताच्या जोरावर, लांब पान्याने नव्हे, आटे जातात. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, तयार मिश्रण असेल तर पाणी घालू नये. मग रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून इंजिन चालू. बुडबुडे येत राहतात, पाइप एकदम तापतो, पातळी झपकन खाली जाते. तेवढं भरावं आणि पाणी उसळायच्या आत झाकण लावावं. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा बघावी, बहुतेक पाव-अर्धा लिटर अजून मावतं.