नाव मागच्या चाकाचं, हवा पुढच्या चाकाची

मे महिन्यातली सकाळ. आठला शटर वर केलं, कॉम्प्रेसर चालू केला, टाकी भरायच्या आतच सरांची पांढरी गाडी दारात येऊन उभी राहिली. सर आमचं जुनं गिऱ्हाईक, शाळेत शिकवतात. पुढे शेजारी वहिनी, मागच्या सीटवर सरांच्या आई आणि दोन मुलं, डिकी गच्च भरलेली. नागपूरला लग्नाला निघाले होते. आमचं दुकान संभाजीनगरात जळगाव रोडला, हर्सूलच्या पुढे. इथून सावंगीला जाऊन समृद्धी महामार्गाला लागायचं की सरळ नागपूर.

सर उतरले तेच वैतागलेले. "भाऊ, ते मागचं उजवं सेन्सर एकदाचं बदलून टाका. तीनदा हवा भरली, आकडा हलत नाही. आज निघालोच होतो, हिनंच अडवलं. म्हणाली, दुकानात दाखवल्याशिवाय हायवेला लागायचं नाही."

मी लगेच "हो" म्हणालो, कारण पंधरा दिवसांपूर्वी फोनवर मीच त्यांना तसं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, मागच्या उजव्या चाकाचा दिवा लागतोय, हवा 25 पीएसआय दाखवतंय, हवा भरली तरी तेवढंच. मी त्या वेळी एका गाडीखाली होतो, फोन खांद्यात धरलेला. म्हणालो, "सेन्सरची बॅटरी गेली असेल सर, सवडीनं या." त्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय.

गाडीतल्या स्क्रीनवर हवेचे चार आकडे कुठून येतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चाकाच्या आत, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली असते, तेच सेन्सर. तिच्यात दाब मोजणारी चिप, तापमान मोजणारी चिप, चाक फिरतंय की थांबलंय हे कळायची सोय, एक रेडिओ आणि बटणासारखी लिथियमची बॅटरी. बॅटरी आत ओतकाम करून बुजवलेली असते, त्यामुळे ती बदलता येत नाही. पाच ते दहा वर्षं चालते आणि संपली की अख्खी डबी टाकून द्यायची. बॅटरी टिकावी म्हणून गाडी उभी असली की डबी झोपते आणि चाक फिरायला लागलं की जागी होऊन थोड्या थोड्या वेळानं बोलते. आपल्याकडे हे बोलणं 433 मेगाहर्ट्झवर चालतं, अमेरिकेत बऱ्याच गाड्यांत 315 वर.

आणि ती काय बोलते? "मी मागचं उजवं चाक" असं ती कधीच सांगत नाही, कारण आपण कुठल्या कोपऱ्यात आहोत हे तिला कळायला मार्गच नाही. ती फक्त आपला नंबर सांगते, आठ अक्षरी, आणि पुढे दाब व तापमान. कुठला नंबर कुठल्या कोपऱ्यात, ही यादी गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असते. काही भारी गाड्या एबीएसला (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणारी यंत्रणा) कळणारी चाकांची गती आणि सेन्सरचं फिरणं यांचा मेळ घालून ही यादी आपोआप दुरुस्त करतात. सरांची गाडी त्यातली नाही.

(ज्या गाड्यांत स्क्रीनवर आकडे येतच नाहीत, नुसता पिवळा दिवा येतो, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या चाकात काहीही नसतं. हवा कमी झाली की चाकाची त्रिज्या किंचित घटते आणि ते बाकीच्यांपेक्षा जरा जास्त फिरतं, एवढं एबीएसला कळतं. तिथं हवा नीट करून मगच रीसेटचं बटण दाबायचं असतं. हवा न बघता बटण दाबलं तर गाडी त्या कमी हवेलाच बरोबर मानून बसते. दिवा आला की बटण दाबणारे मला आठवड्याला तीन तरी भेटतात.)

तर मी टूल घेऊन मागच्या उजव्या चाकाशी बसलो. हे टूल व्हॉल्व्हजवळ धरून बटण दाबलं की 125 किलोहर्ट्झचा एक इशारा सोडतं, झोपलेली डबी जागी होते आणि सगळं सांगून टाकते. बॅटरी ठीक. तापमान ठीक. दाब 44.

44! दाराच्या खांबावरच्या स्टिकरला चारही चाकांना 33 आहे. मी टूल बाजूला ठेवून डायलचा गेज लावला. 44. मग पुढचं उजवं: 27. मागचं डावं: 33. पुढचं डावं: 19.

धाकट्या भावाला म्हणालो, आत बसून स्क्रीनवरचे आकडे मोठ्यानं वाच. तो वाचू लागला, "पुढचं डावं 33, पुढचं उजवं 44, मागचं डावं 27, मागचं उजवं 19."

मी हातात गेज धरून तसाच उभा राहिलो. आकडे चार, आणि चारही माझ्याच गेजचे. फक्त एकही आपल्या घरात नव्हता.

तेवढ्यात वहिनी खाली उतरल्या. म्हणाल्या, "भाऊ, हे सगळं टायर तुमच्याकडं बदलले तेव्हापासूनच चाललंय ना? मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं."

टायर बदलले नव्हते, रोटेशन केलं होतं. रजिस्टर काढलं. चाळीस दिवसांपूर्वीचा रविवार. "रोटेशन, बॅलन्सिंग, अलाइनमेंट", खाली रक्कम, अक्षर माझं. पुढची दोन चाकं सरळ मागे, मागची दोन फुलीत पुढे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला आम्ही असंच करतो. म्हणजे पुढच्या डाव्या जागी आता जे चाक होतं ते मूळचं मागचं उजवं, आणि गाडीच्या यादीत ते अजूनही मागचं उजवंच होतं. चाकं मी फिरवली, यादी फिरवली नाही. टूल काउंटरच्या खणात होतं. सहा गाड्या लायनीत होत्या आणि दहा मिनिटांचं काम राहून गेलं. ते राहिलंय हे संध्याकाळीही माझ्या लक्षात आलं नाही.

पुढचं सरांनीच सांगितलं, आणि ते ऐकताना मला खाली बघावंसं वाटत होतं. पहिल्यांदा दिवा लागला तेव्हा ते पंपावर गेले. तिथल्या मशीनला आकडा लावला की ते स्वतः हवा भरतं आणि झालं की वाजतं. पोरानं मागच्या उजव्या चाकाला नोझल लावलं आणि म्हणाला, सर, यात 33 आहे. सर म्हणाले, तुझं मशीन बिघडलंय, गाडी 25 दाखवतेय, भर. त्यानं 36 केली. बाहेर पडून दोन किलोमीटरवर बघतात तर मागचं उजवं जिथल्या तिथं आणि पुढचं उजवं वाढलेलं. त्यांना वाटलं, पोरानं भलत्याच चाकात भरली. परत जाऊन त्याला चार माणसांत झापलं. पुन्हा भरायला लावली, 40. मग आणखी एकदा, दुसऱ्या पंपावर, 44. आता पुढच्या उजव्याचा आकडा 44 दिसतोय म्हणून पुढच्या उजव्या चाकातली हवा सोडली. त्या चाकात मुळात 33 होती, ती 27 वर आली. आणि स्क्रीनवर कमी झालं मागचं डावं. तिथं सरांनी नाद सोडला आणि ठरवलं की सेन्सर खराब आहे. मीही फोनवर तेच सांगितलं होतं ना.

सिस्टीम शेवटपर्यंत बरोबर ओरडत होती. एका टायरची हवा जातेय, हे तिचं म्हणणं खरं होतं. तिला त्या टायरचं चुकीचं नाव मी दिलं होतं.

पुढचं डावं चाक उतरवलं. साबणाचं पाणी मारलं तर दोन गट्ट्यांच्या मधे बारीक फेस आला. आडव्या डोक्याचा एक स्क्रू, डोकं झिजून रस्त्याच्या रंगाचं झालेलं. रबरात घट्ट बसला होता म्हणून हवा थेंबाथेंबानं जात होती. नुसता स्क्रू असता तर आतून मशरूम पॅच लावून दहाच मिनिटांत दिला असता. पण टायर मशीनवर घेतला, बीड (रिमला घट्ट बसलेली टायरची कड) फोडलं आणि आत हात घातला, तर बोटांना काळा भुगा लागला. कॉफीच्या पुडीसारखा, कोरडा. टॉर्चच्या उजेडात बघितलं. साइडवॉलच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीच्या, आतल्या बाजूनं पूर्ण गोल फिरलेली एक रेघ, तिथलं अस्तर खरवडून निघालेलं. कमी हवेवर चाक चालतं तेव्हा साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला दुमडते आणि उलगडते, आतून तापते, आणि रबर आपलं आपणच झिजवतं. बाहेरून त्या टायरला काहीही दिसत नव्हतं. आजकालचे रेडियल टायर 20 हवेवरही उभ्या गाडीला बऱ्यापैकी सरळ दिसतात. पायानं ठोकून हवा बघणारे अजून आहेत, त्यांना हा भुगा एकदा दाखवायचाय.

मी सरांना बोलावलं, बोट आतून फिरवायला लावलं. त्यांनी बोटावरचा काळा रंग बघितला, मागे गाडीत बसलेल्या आईकडे बघितलं आणि काहीच बोलले नाहीत.

समृद्धीवर कारला 120 ची मर्यादा आहे, रस्ता काँक्रीटचा, मे महिना, गाडीत पाच माणसं आणि सामान. त्यात पुढचं एक चाक 19 वर आणि तिरप्या कोपऱ्यातलं मागचं 44 वर. या गाडीला स्टेपनीही नाही. 2020 च्या नियमानुसार टायरची हवा सांगणारी सिस्टीम आणि दुरुस्तीचं किट दिलं तर कारमध्ये स्टेपनी नसली तरी चालते. किट म्हणजे डिकीत एक लिक्विडची बाटली आणि छोटा कॉम्प्रेसर. खिळ्याच्या भोकाला ती बाटली चालते. फाटलेल्या साइडवॉलला ती काय करणार? स्टेपनी काढून तिच्या जागी ज्या सिस्टीमवर भरवसा ठेवायला सांगितलाय, तिची यादी बरोबर आहे की नाही हे बघणं आमच्यासारख्या दुकानांवर येऊन पडलंय. आणि आमच्यातल्या निम्म्यांकडे टूलच नाही. कितीतरी ठिकाणी बीड फोडताना पातं व्हॉल्व्हच्याच बाजूला लावतात, डबी तुटते आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "आधीपासून बंद होती." ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घालतात, ती गंजून आत चिकटते आणि पुढच्या वेळी व्हॉल्व्हच मोडतो. मला या लोकांचा राग येतो. त्या दिवशी तो राग कुणावर काढायचा हा प्रश्न होता.

अमेरिकेत ही सिस्टीम सक्तीची झाली ती माणसं गेल्यावर. 2000 साली फोर्ड एक्स्प्लोररवरचे फायरस्टोनचे टायर पट्टा सुटून फुटण्याचं प्रकरण गाजलं, त्याच वर्षी कायदा झाला, आणि 2007 च्या सप्टेंबरपासून तिथल्या प्रत्येक नवीन कारला हा दिवा आला. ठरलेल्या हवेपेक्षा 25 टक्के कमी झाली की तो लागलाच पाहिजे, असा तिथला नियम. 33 च्या गाडीला याचा अर्थ 25 च्या खाली. म्हणजे 27 वर आलेल्या टायरला दिवा लागेलच असं नाही. सरांच्या पुढच्या उजव्या चाकाला म्हणूनच लागला नव्हता. महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी थंड असताना गेज लावा असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठी.

नवीन टायर बसवला. जुनी डबी काढून धुतली, व्हॉल्व्हचं रबर नवीन घातलं, नट टॉर्क पान्यानं आवळला. चारही चाकांत 33 केली. मग टूल गाडीच्या सॉकेटला जोडलं आणि ओळीनं फिरलो: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं. यादी नवीन लिहिली. तेवढ्यावर भागलं नाही. भावाला स्क्रीनसमोर बसवून एकेका चाकातली दोन-दोन हवा सोडली आणि त्याच कोपऱ्यातला आकडा उतरतो का ते चारही वेळा बघितलं. वहिनी माझ्या बरोबरीनं फिरत होत्या.

मग सरांना सांगितलं. रजिस्टरचं पान त्यांच्यासमोर उघडलं आणि म्हणालो, "सर, सेन्सर चांगलं होतं. चूक माझी आहे. आणि फोनवर तुम्हाला न बघता सांगितलं, तीही माझी." टायरचे पैसे मी घेतले नाहीत. गाडी गेल्यावर भावाचं आणि माझं यावरून वाजलं. तो म्हणाला, स्क्रू काय आपण मारला का? त्याचं म्हणणं चुकीचं नाही. स्क्रू रस्त्यानं मारला. पण यादी बरोबर असती तर पंधरा दिवसांपूर्वी 25 वरच त्या पोरानं बरोबर चाकाला नोझल लावलं असतं, हवा परत उतरली असती, सर पंक्चर काढायला आले असते आणि टायर वाचला असता. आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

मला दुसरंच काहीतरी सलतंय. सरांच्या सांगण्यावरून मी त्या सकाळी मागचं उजवं सेन्सर खरंच बदललं असतं तर? अडीच-तीन हजारांचं बिल झालं असतं. नवीन डबी, नवीन नंबर, तो मी मागच्या उजव्या जागी लिहिला असता, तिथल्या चाकातली जास्तीची हवा काढली असती आणि स्क्रीनवर 33 आलं असतं. 19 वाल्या चाकाचा नंबर यादीतूनच गेला असता. हवा कमी असल्याचा दिवा तेवढ्यापुरता विझला असता. सर हात मिळवून नागपूरला निघाले असते.

दुपारी चारला सरांचा फोन आला, पोचलो म्हणून.

संध्याकाळी दुकान बंद करून पंपावर गेलो. हवेच्या मशीनपाशी तोच पोरगा होता, अठरा-एकोणीसचा, गळ्यात रुमाल. मी त्याला ती पांढरी गाडी आठवते का विचारलं. आठवत होती. म्हणालो, तुझं मशीन बरोबर होतं, तू बरोबर चाकात भरली होतीस, घोळ माझ्या दुकानाचा होता, आणि सरांनाही मी ते सांगितलंय.

त्यानं नोझल हुकाला अडकवलं. म्हणाला, "मी सांगत होतो ना काका. तीनदा सांगितलं त्यांना, की यात 33 आहे."

मागून हॉर्न वाजला, तो पुढच्या गाडीकडे वळला.