डाव्या पिळाचा पाय

कानबाई देवीच्या सणाच्या आठवड्यात धुळ्यातला कुठलाही कारागीर नवं काम अंगावर घेत नाही. नागपंचमीनंतरचा रविवार आमच्या खानदेशात दिवाळीच्या तोडीचा. सुरत, नाशिक, पुणे, पोटापाण्यासाठी जिथे कुठे गेलेले भाऊबंद असतात ते सगळे घराकडे निघतात. माझं दुकान खरादकामाचं, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून घडवायचं. पोळपाट, लाटणी, रव्या, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब. त्या आठवड्यात लाटण्यांनाच इतकी मागणी असते की बाकीच्यांना ‘पोळ्यानंतर या’ असंच सांगतो.

तरी शुक्रवारी सकाळी कापडण्याच्या एक आजी नातवाच्या मोटरसायकलवर बसून आल्याच. मांडीवर कापडात गुंडाळलेला चौरंगाचा एक धड पाय, आणि दुसऱ्या पायाचे तीन तुकडे. माळ्यावरून चौरंग उतरवताना हातातून सुटला होता.

“भाऊ, ऐतवारले कानबाई बसस. तीन पायसवर कशी बसाडू माय ले?”

साधा पाय करून देतो म्हटलं असतं, पण आजींनी धड पाय पुढे केला आणि माझं बोलणं थांबलं. सागवानी, वितीपेक्षा थोडा लांब, वर-खाली गोळे आणि मध्ये दुपेडी पीळ. दोन पेड एकमेकांभोवती वळत खालपर्यंत गेलेले, मधली घळ सारख्या खोलीची. सासऱ्यांनी तळोद्याहून आणला होता म्हणे. असेलही. सातपुड्याच्या पायथ्याचं तळोदं इंग्रजांच्या काळात खानदेशातली लाकडाची मोठी पेठ होती आणि उत्तम बैलगाड्या तिथे बनत, अशी जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे. तिथल्या कुणा खराद्याने हा पीळ काढला असेल तर माणूस तयारीचा होता.

तुकडे जुळवून धड पायाशेजारी ठेवले तेव्हा खरी मेख कळली. दोन्ही पीळ एका दिशेचे नव्हतेच. धड पायाचा पीळ उजवा, तुटलेल्याचा डावा. चौरंगाचे पाय जोडीने असे समोरासमोर वळवायची जुनी रीत आहे, डावीकडचे दोन एका अंगाला आणि उजवीकडचे दोन दुसऱ्या. धड पायाबरहुकूम नक्कल काढून दिली असती तर मापात चूक नसती, पण चौरंग आयुष्यभर तिरका बघत राहिला असता. नातू म्हणाला, “कुणाला कळतंय काका, वर वस्त्रच टाकायचंय.” आजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगं गाडी पुसायला बाहेर गेलं.

आता पीळ हे मोटारीवर करायचं काम नव्हे. माझ्या लेथला एक हॉर्सपॉवरची मोटर आहे, मिनिटाला १४४० फेऱ्यांची. पट्टा सगळ्यात हळू पुलीवर टाकला तरी लाकूड शेकड्याने फेऱ्या मारतं. गोळे, कंगोरे, सरळ दांडा तसे होतात. पीळ मात्र लाकूड हाताने अंगुळ अंगुळ फिरवत करवतीने आणि कानशीने काढायचा. त्यासाठी स्पिंडलला, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या पोकळ दांड्याला, हातचाक लागतं. कारखान्याच्या चांगल्या लेथला ते मागच्या टोकाला असतं. माझा लेथ इथेच फॅब्रिकेशनवाल्याकडून जोडून घेतलेला. त्याला मागच्या बेअरिंगबाहेर दीड इंच नळी तेवढी आलेली, आटे नाहीत, खाच नाही, काही नाही. इतकी वर्षं पुलीलाच हात लावून भागवत होतो. पट्टा आणि पुलीच्या मध्ये बोट गेलं की काय होतं ते माझ्या डाव्या तर्जनीच्या नखाला विचारा.

म्हणून आधी चाक आणि मग पाय, असं ठरवलं. लाटण्यांची गिऱ्हाइकं बसली वाट बघत.

चाकाला फळी घेतली नाही, अठरा एमएमच्या प्लायवूडचे दोन तुकडे घेतले. फळी रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळपास नाही. वैशाखात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसवर जातो आणि श्रावणात मिठाला पाणी सुटतं. अशा हवेत फळीचं गोल चाक दोन ऋतूंत लंबगोल होतं. प्लायमध्ये थर आडवे-उभे असल्यामुळे ते एकमेकांना धरून ठेवतात. दोन्ही तुकडे फेव्हिकॉल लावून शिकंज्यात आवळले आणि ते धरेपर्यंत पायासाठी जुन्या चौकटीचा सागवान शोधला. मग आठ इंचाचा गोल कापून फेसप्लेटवर, लेथच्या तोंडावरच्या तबकडीवर, चढवला, कड गोल केली, मधोमध भोक पाडलं. कडेला बोटं बसतील एवढी उथळ पन्हळ दिली, बस्स. मूठ लावली नाही. फिरत्या स्पिंडलवर बाहेर आलेली मूठ म्हणजे सदऱ्याच्या बाहीला आमंत्रण.

खरा प्रश्न चाक नळीला धरवायचं कसं हा होता. नळीवर आटे पाडून चाक फिरवून बसवावं, तर आटा कुठला घ्यायचा? मागच्या टोकाला उजवा आटा घेतला की मोटर सुरू होताना चाक सैल पडतं. डावा घेतला तर सुरू होताना घट्ट बसतं, पण चाक हाताने मोटारीच्याच दिशेने फिरवलं की सुटायला लागतं. मला तर चाक दोन्ही अंगांनी फिरवायचं होतं. बाहेरून छिद्र पाडून स्क्रू दाबावा, तर स्क्रू नळीला ओरखडे पाडतो आणि चाक एका बाजूला ढकलतो, ते डोलतं.

उत्तर शेजारच्या सायकलवाल्याच्या भंगारात मिळालं. जुन्या सायकलचं हँडल पुढच्या नळीत कसं धरतं आठवतं? हँडलच्या दांड्याला खाली चिरा असतात. आतून लांब बोल्ट जातो, त्याच्या टोकाला लोखंडी शंकू असतो. वरून बोल्ट आवळला की शंकू वर सरकतो, दांडा चिरांतून फाकतो आणि आतून नळीला धरतो. बोल्ट आणि शंकू तिथून उचलून आणले. सायकलवाल्याने पैसे घेतले नाहीत, लाटणं मागितलं.

माझ्या स्पिंडलचं आतलं भोक वीस एमएमचं. बाभळीची खुंटी त्या मापाला खरादली. ओढून-ताणून जाईल अशी नाही, अंगठ्याने ढकलली तर जाईल अशी. मधून बोल्टचं भोक. पुढच्या टोकाला करवतीने अधिक चिन्हासारख्या दोन चिरा दिल्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या खोल. शंकू जरा जाड होता, तो कानशीने उतरवला. खुंटीचं दुसरं टोक चाकाच्या भोकात डिंकाने पक्कं केलं. मग सगळं नळीत सरकवून बाहेरून पान्याने बोल्ट आवळला. आधी चाक मोकळं फिरलं, मग जड झालं, आणि पुढच्या पाव फेरीत चाकाबरोबर अख्खं स्पिंडल फिरायला लागलं. डावीकडे फिरवलं तरी तेच, उजवीकडे तरी तेच.

कडेजवळ पेन्सिल स्थिर धरून चाक फिरवलं. रेघ जवळजवळ पूर्ण गोल उमटली, एका बाजूला जरा ठळक. तेवढी बाजू पॉलिश पेपरने घासली. एकच गैरसोय राहिली. स्पिंडलमधला लाकूड धरणारा काटा मागून सळई घालून ठोकून काढतात, ती वाट बोल्टने बंद झाली. काटा काढायचा तर आधी चाक उतरवायचं. चालतंय.

पिळाचं आखणीचं काम मला सगळ्यात आवडतं. धड पायावर पातळ कागद गुंडाळून शिसपेन्सिल आडवी घासली, पेडांच्या कडा कागदावर उतरल्या. कागद सपाट केला की पीळ नाहीसा होतो, नुसत्या तिरप्या सरळ रेघा उरतात. तोच कागद उजेडाकडे धरून मागून रेघा गिरवल्या. उजवा पीळ डावा झाला. सागवान सरळ गोल करून त्यावर कागद खळीने चिकटवला, मोटारीचा पट्टा उतरवून ठेवला आणि कामाला बसलो.

करवतीच्या पात्याला खोलीच्या खुणेची चिकटपट्टी. डावा हात चाकावर, उजव्यात करवत, रेघ पात्याखाली सरकवत न्यायची. मग गोल कानस. इथे चाकाची खरी किंमत कळते. घळीतून कानस चालवताना एका अंगाला लाकडाच्या शिरा कानशीला साथ देतात, दुसऱ्या अंगाला उलट्या येतात आणि तंतू उपटतात. त्या अंगाला चाक उलटं फिरवायचं. पुलीला धरून हे होत नाही. आठ इंचाच्या कडेवर हात असला की लाकूड किती फिरलं ते तळव्याला समजतं, डोळा घळीवरच ठेवता येतो. दुपारी वीज गेली. शेजारची पिठाची गिरणी बंद पडली आणि गिरणीतली बाई माझ्या दारात येऊन बसली. “तुमचं बरं चालू आहे,” म्हणाली.

संध्याकाळी आजी नातवाबरोबर परत आल्या, या वेळी चौरंगच घेऊन. नवा पाय ठोकून बसवला, फरशीवर ठेवून चारी कोपरे दाबले. डुगडुगला नाही. रंग मात्र वेगळा होता, तीन पाय काळपट आणि हा पिवळसर. स्पिरिट पॉलिशमध्ये रंग मिसळून जुळवून देतो म्हटलं. आजींनी बोट पिळावरून वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि नको म्हणाल्या. वाळायला वेळ लागेल आणि देवीला पॉलिशचा वास नको. पैशांची घासाघीस मात्र व्यवस्थित केली. नातवाने जाता जाता चाकाचा मोबाइलवर फोटो काढला.

चाक अजून लेथवरच आहे. श्रावणात बसवलेली बाभळीची खुंटी मार्गशीर्षातल्या कोरड्या हवेत थोडी आकसली आणि चाक घसरायला लागलं. पान्याने बोल्ट जरा आवळला की पुन्हा धरतं. वर्कशॉपवाला मित्र पितळेची खुंटी करून देतो म्हणतोय. गेल्या महिन्यात कडेवर कागदाची पट्टी गुंडाळून, तिच्या घड्या घालून सोळा खुणा केल्या. जळगावच्या एका वाड्याच्या कठड्याला सारख्या अंतरावर उभ्या पन्हळी असलेले खांब हवे आहेत, त्यासाठी.